नर माशाच्या रक्तात अंड्याचं प्रथिन: पाण्यातली औषधं माशांच्या हॉर्मोनचं नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांडपाण्यातून नदीत जाणाऱ्या औषधांमुळे नर मासे ‘मादी’ होतात असं वाचनात येतं, पण ही औषधं पाण्यात लिटरमागे जेमतेम काही नॅनोग्रॅम असतात. एवढ्याशा मात्रेने खरंच काही होतं का? दोष गर्भनिरोधक गोळ्यांचाच आहे का? आणि एखाद्या नदीत असं काही चाललंय का हे तपासायचं तर सुरुवात कुठून करायची?

मी बरीच वर्षं याच कामात आहे. माशांचं रक्त, यकृत आणि वृषणाच्या काचपट्ट्या हेच रोजचं. त्या अनुभवावरून आधीच एक सांगतो. ‘मासे मादी होतात’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. नराच्या यकृतात अंड्याचं प्रथिन तयार होणं ही पहिली, वृषणात अंडपेशी दिसणं ही दुसरी आणि नदीतली माशांची संख्या घटणं ही तिसरी. पहिली सहज घडते आणि सहज मोजता येते. तिसरी क्वचित सिद्ध होते. बातम्यांमध्ये मात्र पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारलेली असते, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

मात्रेचं बघू. एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हॉर्मोन. ते १९३८ मध्ये जर्मनीतल्या शेरिंग कंपनीत तयार झालं. एका गोळीत ते साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. ३० मायक्रोग्रॅम धरा. हे सगळं जसंच्या तसं पाण्यात गेलं, तर ३०,००० लिटर पाण्यात लिटरमागे १ नॅनोग्रॅम मात्रा होते. प्रत्यक्षात शरीर त्यातला बराच भाग मोडून टाकतं, म्हणून नदीत पोचणारा वाटा कमी असतो. तरीही हिशेबाचा अंदाज येतो. औषध बनवणाऱ्यांनी ते मुळातच अत्यल्प मात्रेत काम करावं म्हणून घडवलेलं आहे, आणि पेशीतल्या ज्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवर (हॉर्मोन ओळखणाऱ्या प्रथिनावर) ते बसतं तो माशातही असतो. त्यामुळे ‘मात्रा फार कमी आहे’ हा दिलासा इथे कामाचा नाही. कमी म्हणजे कशाच्या मानाने कमी, हे विचारावं लागतं.

माशाची बाजूही बघायला हवी. माणूस रोज दोन लिटर पाणी पितो असं धरलं, तर लिटरला १ नॅनोग्रॅमच्या पाण्यातून एका गोळीइतकं औषध पोटात जायला त्याला चाळीस वर्षं लागतील. माशाचं गणित निराळं आहे. त्याच्या कल्ल्यांमधून दिवसरात्र पाणी वाहत असतं आणि कल्ल्याची त्वचा इतकी पातळ की चरबीत विरघळणारे स्टेरॉइडसारखे रेणू सहज आत शिरतात. स्वीडनमध्ये ट्राउट मासे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात दोन आठवडे ठेवून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही माशांच्या रक्तात लेव्होनॉरजेस्ट्रेल हे गर्भनिरोधक गोळीतलं दुसरं औषध चक्क गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातल्या पातळीपेक्षा जास्त निघालं. पाण्यात ते नॅनोग्रॅममध्येच होतं.

आता शरीरात काय होतं ते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला सांगतो, पीयूषिका बीजांडकोषाला किंवा वृषणाला सांगते, आणि तिथून निघालेली हॉर्मोन्स परत वर जाऊन ‘पुरे’ किंवा ‘आणखी हवं’ हे कळवतात. मादीत बीजांडकोषातून इस्ट्रॅडिऑल निघतं, ते रक्तातून यकृतात जातं आणि व्हायटेलोजेनिन नावाच्या प्रथिनाचं जनुक चालू करतं. हे प्रथिन रक्तातून वाढत्या अंड्यांत साठतं आणि त्याचं पीतक (अंड्यातला बलक) होतं. मादीच्या पोटात गाभोळी भरते ती याच मालावर. नराच्या यकृतातही हे जनुक असतंच, पण त्याला चालू करण्याइतकं इस्ट्रोजेन नराच्या रक्तात नसतं. पाण्यातून ते मिळालं की यकृत भेद करत नाही, प्रथिन बनवायला लागतं. नरात ते ओढून घ्यायला अंडी नसतात, त्यामुळे ते रक्तात साचत जातं. मात्रा फार वाढली तर मूत्रपिंडाला इजा होते. शिवाय नराचं स्वतःचं हॉर्मोन, माशांमध्ये मुख्यतः ११-कीटोटेस्टोस्टेरॉन, वरच्या आदेशांच्या गडबडीत घटतं आणि शुक्रपेशी तयार होणं रेंगाळतं.

या शोधाची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. गळ टाकणाऱ्या हौशी मासेमारांना सांडपाणी प्रक्रिया केंद्राजवळच्या तळ्यांत रोच जातीचे विचित्र मासे मिळायला लागले, नर आणि मादी दोन्हींच्या खुणा असलेले. मग केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यात ट्राउट ठेवले गेले. काही आठवड्यांतच नरांच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन शेकडो-हजारो पट वाढलं. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रुनेल विद्यापीठातले जॉन सम्प्टर, सुझन जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हा प्रकार एखाद-दुसऱ्या ठिकाणचा नाही. ब्रिटनच्या अनेक नद्यांत नर रोचच्या वृषणात अंडपेशी आहेत, आणि नेन व एअर या नद्यांच्या काही ठिकाणी तर तपासलेले सगळेच नर तसे निघाले.

गोळीचा प्रश्न इथे येतो. त्याच वर्षी सांडपाण्याचे भाग पाडून प्रत्येक भागाचा इस्ट्रोजेनी जोर मोजला गेला. जोर होता तो मुख्यतः तीन पदार्थांमुळे: इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोन आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल. पहिली दोन नैसर्गिक आहेत. ती प्रत्येक स्त्रीच्या लघवीतून जातात, थोडी पुरुषांच्याही. गरोदरपणात त्यांचं प्रमाण खूप वाढतं. गोठ्यांतून येणारी भर वेगळीच. नमुन्यांत नैसर्गिक हॉर्मोन्स लिटरमागे दोन आकडी नॅनोग्रॅमपर्यंत सापडली. एथिनिल इस्ट्रॅडिऑल थोड्याच नमुन्यांत सापडलं आणि तेही काही नॅनोग्रॅमच. वजनाच्या हिशेबात गोळी मागे आहे. पण माशाच्या शरीरात ती नैसर्गिक इस्ट्रॅडिऑलच्या कैक पट जोरकस ठरते, कारण तिच्या रेणूला जोडलेला एथिनिल गट यकृताला ती लवकर मोडू देत नाही आणि जंतूंनाही ती सहज पचत नाही. वाटा लहान, जोर मोठा, असा मामला आहे. ‘सगळा दोष गोळीचा’ हे चूक, आणि ‘गोळीचा काहीच दोष नाही’ हेही चूक.

एअर नदीचं प्रकरण तर औषधाचं नव्हतंच. तिथे लोकर धुण्याच्या उद्योगातल्या साबणांपासून तयार होणारी नॉनिलफेनॉलसारखी रसायनं मुख्य दोषी होती. त्यांचा वापर कमी झाला तशी माशांवरची लक्षणंही उतरली. म्हणून नर माशात व्हायटेलोजेनिन सापडलं की लगेच औषधाकडे बोट दाखवू नका. इस्ट्रोजेनसारखं वागणारं काहीतरी पाण्यात आहे, एवढंच त्यातून कळतं.

सांडपाण्याच्या नळीत घडणारी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. शरीर हॉर्मोन बाहेर टाकतं तेव्हा त्याला साखरेचा किंवा सल्फेटचा तुकडा जोडून निष्क्रिय करतं. त्या रूपात ते माशाला फारसं त्रासदायक नाही. पण मैल्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंकडे तो साखरेचा तुकडा तोडणारं विकर असतं. म्हणजे घरातून निघालेलं निष्क्रिय औषध केंद्रापर्यंत पोचेतो पुन्हा जागं झालेलं असतं. केवळ रक्त-लघवीचे आकडे पाहून नदीचा अंदाज बांधणारे इथे फसतात.

मग मासे संपतात का? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर कॅनडातल्या एका तलावाने दिलं. ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात प्रयोगांसाठी राखलेले तलाव आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तलावात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एथिनिल इस्ट्रॅडिऑल सोडलं, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील इतकं. फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन हजारो पट वाढलं, शुक्रपेशी बनणं मागे पडलं, माद्यांच्या बीजांडकोषातही बदल झाले. दुसऱ्या वर्षापासून नवी पिल्लं दिसेनाशी झाली आणि पुढे ती जात त्या तलावातून जवळपास नाहीशी झाली. मोठा लेक ट्राउटही घटला. त्याच्यावर औषधाचा थेट परिणाम होण्यापेक्षा त्याचं खाद्यच संपलं हे मोठं कारण. औषध टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत मिनो परत आला. मला या प्रयोगातली ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नुकसान कायमचं नव्हतं.

तलावाचं उत्तर तसंच्या तसं नदीला लावता येत नाही. मिनो दोन-तीन वर्षं जगतो. दोन हंगाम वाया गेले की त्याची पिढीच संपते. रोच दहा वर्षांहून जास्त जगतो आणि अनेकदा वीण घालतो. पुढे झालेल्या प्रजनन-चाचण्यांत फार बिघडलेल्या नर रोचची पिल्लं देण्याची क्षमता ७६ टक्क्यांपर्यंत कमी निघाली, पण थोड्या बिघडलेल्या नरांत फारसा फरक पडला नाही. आणि २०१४ मध्ये ब्रिटिश नद्यांतल्या रोचचा जनुकीय अभ्यास आला तेव्हा दिसलं की सांडपाण्याने भरलेल्या पट्ट्यांतही रोचच्या वस्त्या बाहेरून मासे न येता स्वतःच्या बळावर टिकून आहेत. काहींनी यावरून ‘बघा, काहीच झालं नाही’ असा सूर लावला. मला तो पटत नाही. टिकून असणं आणि धडधाकट असणं यात फरक आहे, आणि निम्मे नर कमजोर असलेल्या वस्तीला एखादा दुष्काळ किंवा रोगाची साथ झेपेलच असं नाही. पण ‘नद्या माशांविना होतील’ असं म्हणणाऱ्यांकडेही पुरावा नाही, हेही मान्य करायला हवं.

वयाचा मुद्दाही इथे येतो. माशांचं लिंग सस्तन प्राण्यांइतकं पक्कं नसतं. अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत चुकीचं हॉर्मोन मिळालं, तर वृषणाच्या आत मादीसारखी नलिका तयार होते आणि ती पुढे स्वच्छ पाण्यात नेऊनही जात नाही. प्रौढ माशाच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन मात्र पाणी सुधारल्यावर हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, उतरतं. त्यामुळे एकाच माशाकडून दोन तारखा कळतात. रक्त गेल्या काही आठवड्यांचं सांगतं आणि वृषणाची नलिका त्याच्या बालपणाचं.

इस्ट्रोजेनवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण मला सध्या जास्त काळजी प्रोजेस्टिन गटाची, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम हॉर्मोन्सची वाटते. लेव्होनॉरजेस्ट्रेल याच गटातलं. लेव्होनॉरजेस्ट्रेल लिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असताना फॅटहेड मिनोच्या मादीने अंडी घालणं घटवलं. हे औषध माशाच्या अँड्रोजेन (नर-हॉर्मोन) रिसेप्टरवरही बसतं, म्हणून स्टिकलबॅक माशाच्या मादीमध्ये नराच्या खुणा येतात. म्हणजे इथे उलटी दिशा. गुरांच्या वाढीसाठी काही देशांत दिलं जाणारं ट्रेनबोलोन असंच. ते दिलेल्या फॅटहेड मिनोच्या माद्यांच्या डोक्यावर विणीच्या हंगामात फक्त नराला येणारे कठीण फोड उगवतात. प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास विचारतो की मासे चुकून मिसळले का. इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन दोन्ही एकाच पाण्यात असले तर व्हायटेलोजेनिनचा आकडा फसवा ठरू शकतो, दोघं एकमेकांना दाबतात.

बाकीची औषधं थोडक्यात. क्लोट्रिमॅझोल, कीटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं स्टेरॉइड बनवणाऱ्या विकरांना अडवतात, पण मासा त्याची भरपाई करतो. वृषण मोठं होतं, हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि रक्तातली पातळी पुष्कळदा सावरते. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन सेरोटोनिनमार्गे पीयूषिकेवर परिणाम करतं आणि नर गोल्डफिशमध्ये मिल्ट (शुक्रपेशी असलेला द्रव) कमी होतं. बेक्लोमेथासोनसारखी दाह कमी करणारी स्टेरॉइड्स माशाच्या रक्तातली साखर वाढवतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन मात्र वादात आहे. लिटरला ४० मायक्रोग्रॅम मात्रेत मिनोच्या नरांत अंडपेशी दिसल्याचं २०१५ मध्ये एका गटाने सांगितलं, तर नंतर दुसऱ्या गटाने मिनोचं पूर्ण जीवनचक्र मेटफॉर्मिनमध्ये काढून कुठलाही अपाय दिसला नाही असं नोंदवलं. अशा वादात मी मथळ्यांपेक्षा जास्त दिवस चाललेल्या प्रयोगाला वजन देतो.

आता तपासणीचं. पहिली सूचना: पाण्याच्या रासायनिक चाचणीपासून सुरुवात करू नका. एथिनिल इस्ट्रॅडिऑलसाठी युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये सुचवलेली सुरक्षित मर्यादा लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम होती. बहुतेक प्रयोगशाळांच्या यंत्रांना इतकं कमी दिसतच नाही. मग अहवालात ‘आढळले नाही’ असं छापून येतं आणि लोक पाणी स्वच्छ आहे असं समजतात. मासा मात्र त्या यंत्रापेक्षा संवेदनशील असतो. म्हणून आधी मासा, मग रसायन.

एकाच जातीचे, साधारण सारख्या आकाराचे प्रौढ नर घ्या. सांडपाणी सोडण्याच्या जागेच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून. वरचा गट नसेल तर तुमच्याकडे काहीच नाही, कारण काही जातींत थोड्या नरांत अंडपेशी असणं नैसर्गिकच असतं. काही जाती तर आयुष्यात लिंग बदलतातच, त्या या कामासाठी निरुपयोगी. नदीतले मासे फिरतात, त्यामुळे शक्य असेल तर पिंजऱ्यात स्वच्छ पाण्यातले मासे तीन आठवडे ठेवणं उत्तम. नदीला पाणी कमी असतानाचा काळ निवडा, तेव्हा सांडपाण्याचा वाटा सर्वांत जास्त असतो.

रक्त काढताना बहुतेक नवशिके नमुना वाया घालवतात. माशाला भूल देऊन आडवं करायचं, गुदपराच्या मागे पोटाकडच्या मध्यरेषेतून सुई वर घालायची, मणक्याला टेकली की किंचित मागे घ्यायची, शेपटीची शीर तिथेच असते. सिरिंज आधीच हेपरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याने) धुतलेली हवी, आणि नळीत ॲप्रोटिनिन, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना अडवणारं द्रव्य हवं. व्हायटेलोजेनिन हे मोठं आणि नाजूक प्रथिन आहे, रक्तातली विकरंच त्याचे तुकडे करतात, आणि तुकडे झालेलं प्रथिन एलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीत नीट मोजलं जात नाही. नमुना लगेच बर्फात, त्याच दिवशी सेंट्रिफ्यूज, मग उणे ८० अंशांत. बर्फ कमी पडला की खालच्या पट्ट्यातले मासेही निर्दोष दिसायला लागतात.

वृषण वेगळं काढून फिक्सेटिव्हमध्ये (ऊतक कुजू न देणाऱ्या द्रावणात) ठेवायचं आणि किमान तीन ठिकाणांहून काप घ्यायचे: डोक्याकडून, मधून, शेपटीकडून. काचपट्टीवर निरोगी वृषण म्हणजे बारीक गडद ठिपक्यांनी भरलेले कप्पे. त्या ठिपक्यांमध्ये एखादी मोठी, गोल, जांभळट-निळी पेशी दिसली, मध्यभागी फिकट मोठं केंद्रक असलेली, तर ती अंडपेशी. एक दिसली म्हणून आरडाओरडा करू नये. किती आहेत, विखुरलेल्या आहेत की झुबक्यांत, नलिका नराची आहे की मादीची, हे सगळं लिहून श्रेणी द्यावी.

माशांत स्पष्ट फरक निघाला, तरच पाण्याच्या नमुन्यांवर खर्च करा. त्यातही आधी यीस्टच्या पेशींवरची इस्ट्रोजेन-चाचणी करून घ्या. ती एकूण जोर सांगते, आणि कुठल्या भागावर महागडं रासायनिक विश्लेषण करायचं हे तिच्यावरून ठरतं.

उपायांबद्दलही अनेकजण विचारतात. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका, हे बरोबरच आहे, पण नदीत पोचणारी हॉर्मोन्स मुख्यतः लोकांच्या शरीरातूनच येतात, म्हणून त्याने प्रश्न सुटत नाही. आणि कुणी माशांसाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नये. खरा फरक सांडपाणी केंद्रात पडतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या केंद्राखाली व्हाइट सकर माशांत माद्याच जास्त आणि काही मासे मिश्र लिंगाचे सापडले होते. नदीकाठी फिरती प्रयोगशाळा नेऊन तिथल्या पाण्यात मिनोचे नर ठेवले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या नरपणाच्या खुणा उतरल्या. २००८ च्या सुमारास केंद्रात जुन्या पद्धतीऐवजी ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत (हवा देऊन जंतूंनी भरलेल्या गाळाकडून पाणी साफ करणं) आली आणि तीच चाचणी परत केली तेव्हा परिणाम बराच कमी झाला होता. यात ओझोन नव्हता की कार्बन नव्हता, फक्त जंतूंना पाण्यात जास्त वेळ मिळाला. गाळ टाकीत जितका जुना राहतो तितके स्टेरॉइड मोडणारे सावकाश वाढणारे जंतू टिकतात.

एथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टिन मात्र यानेही पूर्ण जात नाहीत, तिथे ओझोन किंवा सक्रिय कार्बनच लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना ही पायरी सक्तीची केली आणि ठरावीक सूक्ष्म प्रदूषकांपैकी ८० टक्के काढण्याची अट घातली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या सांडपाणी निर्देशात या जादा पायरीच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. उद्योगाचा त्याला विरोध आहे, तो अपेक्षितच होता. कारखान्यातून सुटणाऱ्या पाण्याचा प्रश्न वेगळा धरावा. फ्रान्समधल्या दोर नदीत स्टेरॉइड औषधं बनवणाऱ्या कारखान्याखाली गजन माशांत मिश्र लिंगाचं प्रमाण प्रचंड आढळलं होतं. तिथे शहराच्या केंद्रात ओझोन बसवून उपयोग नाही, कारखान्याच्या तोंडाशीच अडवावं लागतं. म्हणून वर आणि खाली मासे धरताना मधे कुठले कुठले नाले येऊन मिळतात, हे आधी चालत जाऊन नकाशावर टिपून घ्या आणि प्रत्येक नाल्याच्या वर-खाली एकेक पिंजरा ठेवा.